खोदलेल्या रस्त्यावर अपघात झाला, भरपाई कोणाकडून? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

रस्त्याचं काम चालू असलेल्या जागी झालेल्या अपघातांबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. त्यांतले पाच प्रश्न निवडले आहेत. गावांची आणि माणसांची नावं वगळली आहेत.

प्रश्न : रात्री साडेदहाला महापालिका हद्दीतल्या रस्त्यावर माझी कार पाईपलाईनसाठी खोदलेल्या चरात गेली. बॅरिकेड नव्हतं, दिवा नव्हता. मनगट मोडलं, गाडीचा पुढचा भाग गेला. पोलीस म्हणतात, दुसरं वाहन नाही, म्हणजे चूक तुमचीच. हे खरं आहे का?

खरं नाही. पण पोलिसांच्या बोलण्यामागे एक कायदेशीर अडचण आहे, ती आधी समजून घ्या.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मिळते ती एखाद्या वाहनाच्या चालक, मालक किंवा विमा कंपनीकडून. तुमच्या अपघातात दुसरं वाहनच नाही. थर्ड पार्टी विमा म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा. स्वतःच्या गाडीच्या अशा विम्यावर तुम्ही स्वतः दावा करू शकत नाही, कारण त्या करारात तुम्ही ‘तिसरे’ नाही. त्यामुळे हा रस्ता तुमच्यासाठी जवळजवळ बंद आहे. कंत्राटदाराची आणि महापालिकेची जबाबदारी मात्र शिल्लक राहते. ती वेगळ्या दारानं मागायची.

पहिलं दार फौजदारी. भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ निष्काळजीपणानं दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याबद्दल आहे, तर कलम २८५ सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा निर्माण करण्याबद्दल. फिर्यादीत ‘गाडी खड्ड्यात पडली’ एवढंच लिहू नका. ‘उघडा चर, बॅरिकेड नाही, परावर्तक पट्टी नाही, दिवा नाही, आगाऊ सूचनाफलक नाही’ असं एकेक लिहा. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर तीच लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे पाठवा, आणि तिथंही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

दुसरं दार उच्च न्यायालयाच्या आदेशाचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे होणाऱ्या अपघातांसाठी भरपाई ठरवून दिली : मृत्यूला ६ लाख, जखमींना दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती निर्णय घेते आणि दावा आल्यापासून ६ ते ८ आठवड्यांत रक्कम द्यायची आहे. कामासाठी खणलेला चर या आदेशाच्या शब्दांत बसतो का, यावर समोरचा वाद घालेल. म्हणून अर्जात ‘रस्त्यावरील असंरक्षित खड्डा’ असंच वर्णन ठेवा. एक प्रत विधी सेवा प्राधिकरणात द्या आणि पोच घ्या.

तिसरं दार दिवाणी दाव्याचं, आणि तिथं बहुतेक जण मुदतीत अडकतात. दिवाणी दाव्याला तीन वर्षं असतात असं ऐकून लोक निवांत बसतात. महापालिकेवर दावा लावायचा तर आधी एक महिन्याची लेखी नोटीस लागते, आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो : मुंबईत १८८८ च्या मुंबई महापालिका अधिनियमाचं कलम ५२७, इतर महापालिकांत १९४९ च्या महाराष्ट्र महापालिका अधिनियमाचं कलम ४८७. राज्य शासनाविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. दिवस मोजताना अपघाताची तारीख धरा, हॉस्पिटलमधून सुटल्याची नव्हे.

तुम्ही पॅकेज पॉलिसी (थर्ड पार्टीसोबत स्वतःच्या गाडीचाही विमा) घेतली असेल तर गाडीचं नुकसान तिच्या ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, भागातून मिळेल. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मृत्यू आणि ठराविक कायमच्या अपंगत्वापुरता असतो. मोडून पुन्हा जुळलेल्या मनगटाला त्यातून काही मिळत नाही.

प्रश्न : अपघाताच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो तर तिथं नवे बोर्ड, कोन आणि लाल दिवे लागलेले! कंत्राटदाराचा माणूस म्हणतो, ‘हे आधीपासून होतं.’ आता काय सिद्ध करणार?

या अपघातांत हाच सगळ्यात मोठा घोळ असतो. इतर अपघातात वाहनं पुरावा असतात आणि ती ठाण्यात उभी राहतात. इथं रस्ताच पुरावा, आणि तो रातोरात दुरुस्त होतो. वर असं की दुरुस्ती करणं चांगलंच, तिला कुणी हरकत घेऊ शकत नाही. म्हणून पहिल्या चोवीस तासांतलं काम कुणावर तरी सोपवा. जखमी माणसानं स्वतः जायची गरज नाही.

फोटो काढताना फक्त खड्ड्याचा जवळून फोटो उपयोगाचा नाही. वाहन ज्या दिशेनं येत होतं त्या दिशेनं साधारण २०० मीटर, १०० मीटर आणि ५० मीटरवरून फोटो घ्या. चालकाला काय दिसलं आणि काय दिसलं नाही, हे त्यातूनच कळतं. शेवटचा खड्ड्याचा, सोबत टेप किंवा पाण्याची बाटली ठेवून, म्हणजे खोली कळेल. फ्रेममध्ये किलोमीटरचा दगड, विजेचा खांब किंवा दुकानाची पाटी येऊ द्या. अपघात रात्रीचा असेल तर रात्रीच, फ्लॅश बंद करून हेडलाइटच्या उजेडात एक चालता व्हिडिओ घ्या. मोबाइलमधली मूळ फाइल कापू नका, फिल्टर लावू नका, फोन विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय डिजिटल फोटो न्यायालयात अडतो. त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा, संगणकानं काढलेला आकडा) लिहावं लागतं आणि मूळ फोन हाताशी असेल तर ते सोपं जातं.

पोलिसांच्या घटनास्थळ पंचनाम्यात ‘रस्ता कामासाठी खोदलेला, सूचनाफलक नाही’ हे वाक्य आहे का ते बघा. नसेल तर दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज देऊन ते नोंदवायला सांगा, नाहीतर सहा महिन्यांनी ‘फलक होते’ असा कागद समोर येतो.

तुमचा दिवस निघून गेला आहे, तरी मार्ग बंद नाहीत. रस्त्यावरच्या दुकानांचे, पेट्रोल पंपाचे सीसीटीव्ही थोड्याच दिवसांत पुसले जातात. त्यामुळे ते जपण्याचं पत्र आजच द्या आणि पोलिसांनाही कळवा. मग माहिती अधिकाराखाली (शुल्क १० रुपये, उत्तर ३० दिवसांत) हे मागा : कार्यादेश (कंत्राटदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश), कंत्राटातली वाहतूक सुरक्षेची अट, मंजूर वाहतूक व्यवस्थापन आराखडा, वाहतूक पोलिसांचं ना-हरकत पत्र आणि त्या तारखेची जागेवरची तपासणी नोंद. कोनांच्या आणि फलकांच्या बिलाची तारीख अपघातानंतरची निघाली तर ‘आधीपासून होतं’ हे बोलणं तिथंच गळून पडतं.

काय असायला हवं होतं, हे इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी एसपी ५५’ या २०१४ च्या मार्गदर्शिकेत आहे. कामाच्या जागेचे चार टप्पे मानले आहेत : आगाऊ सूचनेचा, रस्ता हळूहळू अरुंद करण्याचा, प्रत्यक्ष कामाचा आणि पुन्हा मोकळा होण्याचा. बहुतेक कंत्राटदार तिसऱ्या टप्प्यावर एक बोर्ड लावून मोकळे होतात. पहिल्या दोन टप्प्यांत कमतरता दाखवली तर दाव्याचा पाया मजबूत होतो, कारण चालकाला गाडी आवरायला वेळ मिळतो तो तिथंच.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ (वय ३२, स्वतःचा व्यवसाय, महिना सुमारे २४ हजार) मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसला होता. कामाच्या जागी रस्त्यात बिनदिव्याचा टिपर उभा होता, त्यावर गाडी आदळून भाऊ गेला. पत्नी, मुलगी आणि आई त्याच्यावर अवलंबून. विमा कंपनी म्हणते, मित्र वेगात होता, म्हणून रक्कम कापणार.

इथं वाहन आहे, त्यामुळे न्यायाधिकरणाचा मार्ग पूर्ण मोकळा आहे. उभा टिपरही वाहनाचाच वापर मानला जातो. रस्त्यात धोकादायक रीतीनं वाहन सोडून देणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ मध्ये मनाई केलेलं आहे.

कपातीचं म्हणाल तर भाऊ मागे बसला होता, हे पक्कं धरून ठेवा. त्याची स्वतःची काही चूक नाही. दोन वाहनांची मिळून चूक असेल तर त्याला संयुक्त निष्काळजीपणा म्हणतात, आणि २०१५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार वारस संपूर्ण रक्कम कोणाही एका जबाबदार पक्षाकडून घेऊ शकतात. पुढचा हिशेब त्यांनी आपापसात करायचा. मित्राचा वेग मित्राच्या स्वतःच्या दाव्यातून कापला जाईल, तुमच्या नाही. तरी अर्जात दोन्ही वाहनांचे मालक, चालक आणि विमा कंपन्या प्रतिवादी करा, शिवाय काम देणारी यंत्रणा आणि कंत्राटदारही.

साधारण आकडा असा निघतो. व्यवसायात असलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाला भविष्यातल्या वाढीसाठी ४० टक्के जोडतात : २४,००० चे ३३,६००. तीन अवलंबितांसाठी एक तृतीयांश त्याचा स्वतःचा खर्च म्हणून वजा : २२,४००. वर्षाचे २,६८,८००. वर्षाच्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकानं गुणतात. वय ३१ ते ३५ ला गुणक १६, म्हणजे ४३,००,८००. त्यावर अंत्यविधी, मालमत्तेचं नुकसान (गाडीचं नव्हे, मृत व्यक्तीच्या मागे राहणाऱ्या मिळकतीचं) आणि पत्नी, मुलगी, आई यांच्या सहवास-हानीच्या रकमा. त्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालात अनुक्रमे १५ हजार, १५ हजार आणि ४० हजार ठरल्या आणि दर तीन वर्षांनी १० टक्के वाढतात. हे सगळं उत्पन्न सिद्ध झालं तर. आयकर विवरणपत्र, जीएसटी, बँकेचा उतारा, गिऱ्हाइकांची बिलं आधी गोळा करा. कागद नसेल तर न्यायाधिकरण अंदाजानं आकडा धरतं आणि तो बहुतेक वेळा कमीच असतो.

अर्ज अपघाताच्या जागेच्या, तुमच्या राहण्याच्या किंवा प्रतिवादीच्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात करता येतो. मुदत सहा महिने. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर दिवस घालवू नका. पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो दिला आहे का, हे विचारत राहा. त्यात टिपरचे दिवे आणि मागची परावर्तक पट्टी यांची तपासणी आहे ना, ते आवर्जून पाहा.

प्रश्न : रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा, काम मोठ्या कंपनीचं, पण जागेवर उपकंत्राटदार. तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

बोट दाखवू द्या, तुम्ही तिघांनाही नोटीस पाठवा. त्यांच्या करारात नुकसानीची जबाबदारी कंत्राटदारावर टाकलेली असते. ती त्यांच्या आपसातली गोष्ट झाली, ती दाखवून यंत्रणा तुम्हाला परत पाठवू शकत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९८ ए रस्त्याची यंत्रणा, कंत्राटदार, सल्लागार आणि सवलतधारक (करारानं रस्ता बांधून चालवणारी कंपनी) या सगळ्यांना लागू आहे. ठरवलेली मानकं न पाळल्यानं मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर एक लाखापर्यंत दंड. न्यायालय यात पाहतं की रस्ता धोकादायक आहे हे यंत्रणेला ठाऊक होतं का किंवा ठाऊक असायला हवं होतं का, आणि इशारा देणारे फलक लावले होते का. मात्र हा दंड तुमच्या हाती येत नाही, मोटार अपघात निधीत जातो. तुम्हाला उपयोग होतो तो नोंदवलेल्या निष्कर्षाचा, भरपाईच्या दाव्यात.

आधी कुणी तक्रार केली होती का, हे शोधा. १०३३ ही महामार्गाची मदतवाहिनी आहे आणि तिथल्या तक्रारींच्या नोंदी माहिती अधिकारात मागता येतात. आठवडाभर आधीची एक तक्रार ‘ठाऊक होतं’ हे सिद्ध करायला पुरेशी ठरू शकते.

प्रश्न : साईटच्या सुपरवायझरनं दवाखान्यात येऊन २५ हजार दिले आणि ‘माझी तक्रार नाही’ अशा कागदावर सही घेतली. आता दावा गेला का?

गेला नाही. दुखापत किती आहे हे कळायच्या आधी, औषधाच्या गुंगीत घेतलेल्या सहीला वजन कमी असतं. रक्कम लपवू नका, अर्जात ती मिळाल्याचं लिहा. ती अंतिम भरपाईतून वजा होईल. सही कधी, कुणासमोर आणि कोणत्या स्थितीत घेतली, हे आजच लिहून ठेवा आणि डॉक्टरांकडून त्या दिवसाची औषधांची नोंद मागून घ्या. यापुढे मिटवायचंच असेल तर विमा कंपनीच्या अधिकाऱ्यानं न्यायाधिकरणासमोर दिलेल्या प्रस्तावावर किंवा लोकअदालतीत मिटवा, म्हणजे रकमेला न्यायालयाचा शिक्का मिळतो. आणि सध्याचा उपचारखर्च खिशातून गेला असेल तर रुग्णालयात विचारा. रस्ता अपघातातल्या जखमींसाठीच्या केंद्र सरकारच्या ५ मे २०२५ च्या योजनेनुसार नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतो, आणि त्यासाठी चूक कोणाची हे आधी सिद्ध करावं लागत नाही.