कळ थांबली म्हणजे खडा पडला का?

प्रश्न : माझ्या यजमानांना (वय 42) आठवड्यापूर्वी मध्यरात्री उजव्या कुशीत असह्य कळ आली. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीत 6 मिलिमीटरचा मुतखडा दिसला. दोन दिवसांत कळ जांघेकडे सरकली आणि परवापासून पूर्ण थांबली आहे. लघवीतून खडा पडलेला मात्र दिसला नाही. आता पुन्हा तपासणी करावी का?

उत्तर : अवश्य करावी. मूत्रवाहिनी साधारण 25 ते 30 सेंटिमीटर लांब असली, तरी आतून जेमतेम 3-4 मिलिमीटर रुंद असते. तिच्या भिंतीतील स्नायू लाटेसारखे आकुंचन पावत लघवी खाली ढकलत असतात. म्हणूनच माणूस आडवा झोपला असतानाही ती मूत्राशयात पोचत राहते. या वाटेवर तीन जागा अरुंद असतात : मूत्रपिंडाचे नरसाळे संपून नळी सुरू होते ती, ओटीपोटात शिरताना नळी पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते ती, आणि मूत्राशयाच्या भिंतीत ती तिरकी शिरते ती. यांपैकी शेवटची सर्वांत अरुंद असते आणि खडे बहुधा तिथेच अडतात.

खडा टोचतो म्हणून कळ येते, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात अडलेल्या लघवीचा दाब वाढून नळी आणि मूत्रपिंड ताणले जातात, त्याची ती कळ असते. नळीच्या वरच्या भागाच्या संवेदना मज्जारज्जूत जिथे पोचतात तिथेच कुशीच्याही पोचतात, आणि खालच्या भागाच्या संवेदना जांघेच्या संवेदनांबरोबर जातात. त्यामुळे कळ जांघेकडे सरकली, तर खडा खाली उतरला असावा, असा अंदाज बांधता येतो. पुढे लघवीला वारंवार आणि घाईने जावे लागले, तर तो मूत्राशयाच्या तोंडाशी आला असण्याची शक्यता असते.

कळ थांबण्याला मात्र दोन अर्थ असतात. एक तर खडा मूत्राशयात उतरला असेल आणि लघवी करताना नकळत निघूनही गेला असेल. किंवा तो जागीच असेल आणि लघवी अडून काही काळ गेल्यावर त्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा व लघवी तयार होणे कमी झाल्यामुळे दाब उतरला असेल. हा दुसरा प्रकार फसवा असतो, कारण दुखणे नसताना मूत्रपिंडाची हानी होत राहते. नळीचा मधला भाग आतड्यांतील वायूमुळे सोनोग्राफीत नीट दिसत नाही. शंका उरल्यास डॉक्टर साधा सीटी स्कॅन सांगतील, तो टाळू नये.

5 मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात. 6 मिलिमीटरच्या खड्याबाबत दोन्ही शक्यता असतात आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे वाट पाहता येते. तोवर लघवी चहाच्या जुन्या गाळणीतून गाळावी आणि खडा सापडल्यास तपासणीसाठी जपून ठेवावा. पाणी नेहमीसारखे प्यावे. कळ चालू असताना तांबेच्या तांबे पाणी (किंवा मित्रमंडळी सुचवतात ती बिअर) रिचवल्याने खडा ढकलला जात नाही, उलट दाब वाढून कळ बळावू शकते. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्यांना तत्काळ रुग्णालयात न्यावे, कारण अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाल्यास मूत्रवाहिनीत स्टेंट (बारीक पोकळ नळी) घालून किंवा पाठीतून मूत्रपिंडात नळी टाकून लघवीला ताबडतोब वाट करून द्यावी लागते.