पुण्यात ऑक्टोबरमध्ये कुत्र्याला टेकडीवर नेताना काय बघावं?
वेताळ टेकडीवर खुशाल न्या, पण सकाळी लवकर. ऑक्टोबर हीटमध्ये नऊनंतर खडक तापतो. तळहात टेकवून बघा, तुम्हाला सोसवला नाही तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

खरा त्रास कुसळांचा. पाऊस संपला की गवत वाळतं आणि कुसळं बोटांच्या बेचक्यात, कानात शिरतात. त्यांना उलटी लव असते, त्यामुळे ती आत आतच सरकतात. आमची राणी दोन दिवस सारखी डोकं झटकत होती. डॉक्टरांनी कानातून नखाएवढं कुसळ काढलं! घरी आलात की बोटं फाकवून बघा, गोचीडही तिथंच आणि कानामागे सापडतात.

खाणीतलं साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा आजार) भीती असते. आणि पट्टा सोडू नका. मोर दिसला की तुमच्या हाका कोण ऐकतंय?