'डिटरन्स'ला प्रतिरोध नव्हे, जरब म्हणा

एका वाचकाचा प्रश्न: "भारताच्या अण्वस्त्र धोरणाविषयी वाचताना 'क्रेडिबल मिनिमम डिटरन्स'साठी कुठे 'किमान विश्वासार्ह प्रतिरोध' दिसतं, कुठे 'प्रतिबंधक क्षमता', तर कुठे नुसताच 'धाक'. यांतलं बरोबर काय? आणि जाता जाता, प्रतिबंध आणि निर्बंध यांत फरक काय?"

यांतलं एकही बरोबर नाही. बरोबर शब्द आहे 'जरब', आणि तो मराठीत तयार असताना आपण त्याच्याकडे पाठ फिरवून बसलो आहोत.

आधी 'प्रतिरोध'चा निकाल लावतो, कारण चर्चेच्या कार्यक्रमात तो ऐकला की माझं लक्ष उडतं. प्रतिरोध म्हणजे अडवणं. शत्रूचं क्षेपणास्त्र निघालं आणि आपण ते वाटेत पाडलं, तर तो प्रतिरोध. डिटरन्समध्ये, म्हणजे उलट्या माऱ्याच्या भीतीने शत्रूला हल्ल्यापासून परावृत्त करण्यात, अडवण्यासारखं काही घडतच नाही. समोरचा निघतच नाही, हेच त्यातलं यश. या दोन गोष्टी नुसत्या वेगळ्या नाहीत, एकमेकींच्या मुळावर येणाऱ्या आहेत. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी १९७२ साली क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणारा करार केला, तो याच विचाराने: दोघांनी अशा ढाली उभारल्या तर उलट्या माऱ्याची भीती उरणार नाही, आणि भीती गेली की पहिला वार करायचा मोह होईल. म्हणजे डिटरन्स टिकावा म्हणून प्रतिरोधाला आवर घातला. तरीही आपण डिटरन्सलाच प्रतिरोध म्हणतो आहोत.

'प्रतिबंधक' तर त्याहून घातक. रोगप्रतिबंधक लस, प्रतिबंधात्मक अटक. या दोन्हींत पुढचं संकट येऊ नये म्हणून आपण आधीच हात उचलतो. लष्करी भाषेत प्रतिबंधात्मक म्हणायला योग्य असा हल्ला इस्राएलने ७ जून १९८१ रोजी इराकच्या ओसिराक अणुभट्टीवर केला: शत्रूकडे बाँब तयार होण्याआधीच कारखाना उडवून देणं. आपल्याकडे असं घडू नये म्हणून भारत आणि पाकिस्तान यांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. त्यानुसार १९९२पासून दर वर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतरही दिल्या, पुलवामानंतरही दिल्या. आता भारताच्या धोरणाला 'अण्वस्त्र प्रतिबंधक' म्हटलं, तर जो हल्ला न करण्याचं आपण लेखी कबूल केलं आहे, त्याचीच तयारी चालल्यासारखा अर्थ होतो. दुसऱ्या एखाद्याला वाटेल की आपण अण्वस्त्रांवर बंदी आणतो आहोत. एका शब्दातून दोन अर्थ निघतात आणि दोन्ही चुकीचे.

मूळ इंग्रजी शब्दात अडवणं नाही, भीती आहे. लॅटिनमध्ये 'तेर्रेरे' म्हणजे भेडसावणं. त्याच्यापासून डिटरन्स, त्याच्यापासूनच टेरर. आणि हे लॅटिन क्रियापद आपल्या 'त्रस्' धातूचं सख्खं भावंड. संस्कृतात 'त्रास' म्हणजे भय. मराठीत येता येता त्यातलं भय झिजून गेलं आणि कटकट तेवढी उरली. ज्यांना संस्कृतचीच परिभाषा हवी, त्यांच्या हाताशी हा नेमका शब्द होता. पण 'अण्वस्त्रत्रास' म्हटलं तर मराठी माणसाला किरणोत्साराने होणारी मळमळ आठवेल. तो मार्ग बंद.

मग धाक, दरारा, वचक, जरब हे देशी वापरातले चार शब्द उरतात. दरारा माणसाचा असतो, तो आपोआप पसरतो. तो धोरण म्हणून आखता येत नाही. वचक म्हणजे रोजची देखरेख. त्यात समोरचा आपल्या अखत्यारीत असावा लागतो, आणि शेजारी देश कुणाच्या अखत्यारीत नसतो.

'धाक'पाशी मात्र थांबायला हवं. गुन्ह्याच्या बातम्या उघडा: चाकूचा धाक दाखवून लुटलं, पिस्तुलाचा धाक दाखवून गाडी पळवली. धाक दाखवला जातो, आणि दाखवणाऱ्याला समोरच्याकडून काही हवं असतं. हे डिटरन्स नाही, ही खंडणी. पंतप्रधान मोदींनी १२ मे २०२५च्या भाषणात, ऑपरेशन सिंदूर थांबल्यावर, भारत 'न्यूक्लियर ब्लॅकमेल' सहन करणार नाही असं सांगितलं. त्याचं मराठी करताना 'ब्लॅकमेल' तसंच ठेवण्याचं काहीच कारण नव्हतं. 'अण्वस्त्रांचा धाक चालणार नाही' हे अस्सल मराठी आहे आणि अर्थ तंतोतंत तोच. हाच आरोप चीनने १६ ऑक्टोबर १९६४ रोजी, लोप नोरला पहिला अणुस्फोट केला त्याच दिवशीच्या निवेदनात अमेरिकेवर केला होता; आणि आपण पहिल्यांदा अण्वस्त्र वापरणार नाही, हेही त्याच निवेदनात सांगितलं होतं. शेजाऱ्याची असतात ती धाकाची अस्त्रं आणि आपली ती जरबेची, असं प्रत्येक देश म्हणतो. एप्रिल २०११मध्ये पाकिस्तानने ६० किलोमीटर पल्ल्याचं 'नस्र' हे अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्र पहिल्यांदा उडवलं. इस्लामाबादच्या दृष्टीने ती भारतीय रणगाडे सीमेपलीकडेच थांबवणारी जरब होती, तर दिल्लीच्या दृष्टीने धाक. एवढा बारकावा दोन साध्या शब्दांत मांडता येतो, तो 'प्रतिरोध'मध्ये कुठे आणि कसा बसवणार?

आता 'जरब'. उच्चार करताना यातला ज 'जागा'मधला, 'जग'मधला नव्हे. शब्द अरबी, मूळ अर्थ प्रहार, तडाखा. अरबीतलं 'ज्वाद' हे अक्षर फारसीत झकारासारखं उच्चारलं जातं, तिथून हा शब्द उर्दूत 'जर्ब' झाला आणि आपल्याकडे येताना नर्मचं नरम, गर्मचं गरम झालं तसा जर्बचा जरब झाला. उर्दूत तो अजूनही घावच आहे, गणितातला गुणाकारही आहे. मराठीत मात्र घाव गळून गेला आणि घावाची भीती तेवढी राहिली. वार न करता वाराचं भय समोरच्याच्या मनात टिकवायचं, हीच डिटरन्सची व्याख्या. धोरणपंडितांनी विसाव्या शतकात ग्रंथ लिहून जे सांगितलं, ते मराठीने एका अर्थांतरात आधीच करून ठेवलं आहे. ('जेरबंद'चा याच्याशी काही संबंध नाही, कृपया जोडू नका. तो फारसी 'जेर' म्हणजे खाली, यातून आला आहे. घोड्याच्या छातीखालून जाणारा पट्टा.)

हे अर्थांतर झालं कसं? सहसा सांगतात ते असं: मार, मग माराची भीती, मग नुसती भीती. मला हे अपुरं वाटतं, आणि ते डोळे मिटून गिरवणाऱ्यांशी माझा वाद आहे. 'जर्ब'ला आणखी एक अर्थ आहे, तो टांकसाळीतला. फारसीत टांकसाळीला 'दारुल्जर्ब' म्हणतात, नाणं पाडण्याची जागा. एका नाणेसंग्राहक स्नेह्याकडे मी औरंगजेबाचा चांदीचा रुपया तळहातावर घेऊन पाहिला. वजन साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. मागच्या बाजूला राज्यारोहणापासून मोजलेलं वर्ष आणि गावाचं नाव: 'जर्ब सूरत'. 'ज्वाद'चं पोट काठावर थोडं कापलं गेलं होतं, पण 'रे' आणि 'बे' ही पुढची अक्षरं बोटाला लागत होती. हातोड्याचा घाव क्षणात पडून गेला होता. तीनशे वर्षं उरला होता तो ठसा. आणि बाजारात रुपया चालायचा तो त्या ठशाच्या पतीवर.

आता आपलं क्रियापद पाहा. जरब *बसते*. ठसाही बसतो. जरब सहसा कुणी दाखवत नाही, देत नाही, करत नाही. ती बसवतात, आणि बसते ती दुसऱ्याच्या मनावर. माझं ठाम मत आहे की जरबेचं हे 'बसणं' टांकसाळीतून आलं आहे. फारसी दफ्तरं आणि फारसी अक्षरांची नाणी यांच्याशी रोजचा संबंध असलेल्या कारकुनांना, सराफांना 'जर्ब' हा शब्द माराआधी नाण्यावर दिसत होता. 'छाप पाडणं'मध्ये हेच झालं आहे, तिथेही घाव जाऊन मनावरचा परिणाम उरला. "धाकही बसतो ना?" असं कुणी म्हणेल. बसतो, पण तो दाखवताही येतो. जरबेला बसण्यावाचून गती नाही.

ही व्युत्पत्ती धरली की धोरणाचे शब्द आपोआप उलगडतात. ११ आणि १३ मे १९९८ला पोखरणला भारताने जे पाच स्फोट केले, तो हातोडा. २८ मेला चगाईच्या डोंगरात पाकिस्तानने मारला तो दुसरा. पुढे ४ जानेवारी २००३ रोजी सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने धोरण जाहीर केलं: पहिला वापर करणार नाही, पण आमच्यावर अण्वस्त्र टाकलं तर प्रत्युत्तर प्रचंड असेल आणि सहन न होण्याजोगी हानी करेल. त्यातलं 'विश्वासार्ह' म्हणजे नाणं खोटं नसणं. आणि 'किमान'? रुपयावर ठसा एकदाच मारतात. दहादा मारून त्याचे दहा रुपये होत नाहीत. किती अस्त्रं पुरेशी यावर जे वर्षानुवर्षं भांडतात, त्यांनी एकदा नाणं हातात घेऊन पाहावं.

शेजाऱ्यांनी आपापल्या भाषेत काय केलं तेही बघण्यासारखं आहे. उर्दूत डिटरन्सला 'सद्द-ए-जारिहियत' म्हणतात, आक्रमणाला घातलेला बांध. म्हणजे त्यांचाही प्रतिरोधच झाला! गंमत अशी की 'जर्ब' त्यांच्याकडे भरपूर आहे, पण वाराच्याच अर्थाने. १९८९चा त्यांचा मोठा लष्करी सराव 'जर्ब-ए-मोमिन', आणि जून २०१४मध्ये उत्तर वझिरिस्तानात सुरू झालेली मोहीम 'जर्ब-ए-अज्ब'; अज्ब हे पैगंबरांच्या एका तलवारीचं नाव. मराठीत हे 'झर्ब' असं लिहिलं की त्या झकारामागे लपलेली आपली जरब कुणाला ओळखू येत नाही. चिनी भाषेत शब्द आहे 'वेइशे'. त्यातलं पहिलं अक्षर दराऱ्याचं, दुसरं भयाने दबवण्याचं. त्या दुसऱ्या अक्षराच्या डाव्या अंगाला हृदयाची खूण असते. चिनी लिपीनेही ही गोष्ट दुसऱ्याच्या मनात बसवली आहे. या दोन शेजाऱ्यांपैकी बांध घातला तो उर्दूने, आणि आपण 'प्रतिरोध' म्हणून तिच्याच मागे चाललो आहोत.

आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला: शब्द अरबी, वर शेजाऱ्याच्या मोहिमेच्या नावातला. फौज, किल्ला, सरहद्द, तोफ, शिपाई हे सगळे बाहेरूनच आले. त्यांच्याशिवाय संरक्षणावर एक परिच्छेद लिहून दाखवा. कवी माधव जूलियन, म्हणजेच माधवराव पटवर्धन, यांनी पुढे भाषाशुद्धीची बाजू घेतली खरी, पण मराठीतल्या फारसी शब्दांचा कोशही त्यांनीच केला होता. काय टाकायचं हे ठरवण्याआधी काय आहे ते मोजलं होतं. आजच्या शुद्धिवाद्यांनी ते मोजण्याचे कष्ट घेतलेले दिसत नाहीत.

दुसरा: जरबेला समास चालत नाही, ती बोलीतली. कायदेमंडळ चालतं, तक्रार निवारण चालतं, मग जरबक्षमता का नाही? 'किमान विश्वासार्ह जरब' मोठ्याने म्हणून पाहा. शाळकरी मुलालाही कळतं. 'किमान विश्वासार्ह प्रतिरोधन' कळायला टीप जोडावी लागते.

तिसरा आक्षेप खरा आहे. जरब वरच्याची खालच्यावर असते, शिक्षकांची वर्गावर, साहेबांची कचेरीवर. तुल्यबळांत ती कशी? हे मला मान्य आहे, शब्दात ती उतरंड आहे. पण डिसेंबर २००१च्या संसद हल्ल्यानंतर दोन्हीकडच्या फौजा कित्येक महिने सीमेवर समोरासमोर उभ्या होत्या आणि युद्ध झालं नाही. ते का झालं नाही याची इतर कारणंही सांगतात, पण दोघांचीही एकमेकांवर जरब होती, हे वाक्य मराठीला परकं वाटत नाही. शब्द वापरात ताणला जातो, तसा हाही ताणला जाईल. कौटिल्याने सांगितलेलंच आहे की दंड फार तीक्ष्ण असला तर लोक बिथरतात, फार मऊ असला तर जुमानत नाहीत. त्याच्या मंडलात, म्हणजे भोवतालच्या राज्यांच्या वर्तुळात, लगतचा शेजारी हा 'अरि', म्हणजे शत्रू, असतो. त्याच्यापाशी नेमकी किती जरब ठेवायची, हा प्रश्न त्याच्या काळी होता तसा आजही आहे.

आणि हो, प्रतिबंध आणि निर्बंध. घडण्याआधी थांबवणं तो प्रतिबंध. करायला मोकळीक आहे पण हातपाय बांधलेले, तो निर्बंध. करायचंच नाही, ती बंदी. म्हणून १९९८च्या स्फोटांनंतर अमेरिका, जपान यांनी भारत-पाकिस्तानवर लादले ते आर्थिक निर्बंध. हिंदीत त्यांनाच 'प्रतिबंध' म्हणतात, आणि तिथूनच ही सरमिसळ आपल्या बातम्यांत शिरली. दोन्ही देशांनी ज्यावर सही केलेली नाही तो अण्वस्त्रप्रसारबंदी करार. तिथे 'बंदी' बरोबर आहे, ती बदलू नका.