समुद्री पाणमांजरं लाइव्ह कॅमेऱ्यावर नुसती बघून त्यांना काही मदत होते का?

होते. पण तुम्ही ‘नुसती’ हा शब्द वापरलात म्हणून लिहायला बसलो. माझे साडू अगदी हाच शब्द वापरतात.

आधी तुमच्या कामाचं. मॉन्टेरी बे अ‍ॅक्वेरियमचा कॅमेरा कॅलिफोर्नियाच्या वेळेने साधारण सकाळी ७ ते संध्याकाळी ६ चालू असतो. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातनंतर, थंडीत साडेआठनंतर. जेवणं आटोपून बसा.

आता साडू. ते सॅन होजेला असतात. मागे मी मुलीकडे फ्रीमाँटला गेलो होतो, तेव्हा सगळे मिळून मॉस लँडिंगला गेलो आणि कयाक घेऊन एल्कहॉर्न स्लूच्या खाडीत शिरलो. कयाक देणाऱ्या मुलीने बजावलं होतं, पाणमांजरांपासून निदान पाच कयाकांच्या लांबीइतकं दूर राहा. पुढे साडू, मागे मी, वल्ही दोघांच्याही हातात. एक मादी उताणी तरंगत होती, पोटावर पिल्लू. साडूंना फोटो हवा होता. “अजून थोडं पुढे घ्या हो.” मी घेतलं. मादीने मान वर करून आमच्याकडे बघितलं. थांबायची खूण तीच, पण ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. “अजून थोडं.” तिने पिल्लू तोंडात धरलं आणि बुडी मारली. बऱ्याच लांब वर आली, तेव्हा पिल्लू सीगलसारखं केकाटत होतं. परतल्यावर काठावर दुर्बीण घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला सगळ्यांसमोर झाडलं. साडू हसले. मला लागलं, कारण निम्मं वल्हं माझं होतं.

या प्राण्याच्या अंगात सीलसारखा चरबीचा थर नसतो. त्या गार पाण्यात ऊब टिकते ती दाट केसांवर आणि खाण्यावर. रोज स्वतःच्या वजनाच्या जवळपास चौथा हिस्सा खायचं, त्यात पदरी पिल्लू. तिची विश्रांती आम्ही एका फोटोसाठी मोडली, आणि तोही हलला. याच केसांपायी एके काळी त्यांची इतकी शिकार झाली की आज कॅलिफोर्नियात असलेली सुमारे ३,००० पाणमांजरं बिग सरच्या किनाऱ्यावर वाचलेल्या पन्नासेक जणांची वंशावळ आहे.

साडू अजूनही ऐकवतात, “तुम्ही टाकीतलं बघत बसा, आम्ही खरं बघतो.” माझं म्हणणं एवढंच की मी कॅमेऱ्यावर बघतो तेव्हा कुणाला मान वर करावी लागत नाही.

आणि टाकीतली म्हणजे सर्कशीतली नव्हेत. ती बहुतेक किनाऱ्यावर पोरकी सापडलेली, परत समुद्रात सोडता न येणारी. त्यांतल्या काही माद्या दुसऱ्या पोरक्या पिल्लांना आईसारखं वाढवतात. ही पिल्लं समुद्रात जायची असल्यामुळे त्यांना माणसाची सवय लागू देत नाहीत. कर्मचारी काळे अंगरखे आणि वेल्डरचे मुखवटे घालून वावरतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, एल्कहॉर्न स्लूमध्ये पंधराएक वर्षांत जी संख्या वाढली, तिच्यातला अर्ध्याहून जास्त वाटा अशा सोडलेल्या पिल्लांचा आणि त्यांच्या संततीचा. म्हणजे आम्ही पिटाळलेली मादी यांच्यातलीच असू शकते. हे साडूंना दोनदा सांगून झालंय.

मदत म्हणाल तर अ‍ॅक्वेरियम देणग्यांवरही चालतं. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना राज्याच्या टॅक्स फॉर्ममध्येच पाणमांजरांच्या निधीला रक्कम देता येते, माझी मुलगी देते. आणि घरात किंवा कॅफेत पाळलेल्या पाणमांजरांचे व्हिडिओ कृपा करून पुढे पाठवू नका. ती आपल्या आशियातली छोटी जात असते. तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ मध्ये बंदी आली ती उगाच नाही. मीही असे दोन व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकले होते, तेही हार्ट लावून.

वर ‘होते’ म्हटलं ते जरा घाईत म्हटलं. बघून खिशात हात घातला नाही, तर त्यांना काही मिळत नाही. फक्त त्रास होत नाही. आणि कयाकवाले सगळेच वाईट असं नाही, त्या मुलीने सांगितलं तेवढं अंतर राखलं असतं तर एवढं लिहायची वेळच आली नसती.

साडू डिसेंबरात कल्याणला येताहेत. टीव्हीवर कॅमेरा लावून ठेवणार आहे, रात्री साडेआठला.