भाड्याचं घर आणि फ्रिजवरचा फोटो

"मॅडम, तुम्हीच हिला सांगा. महिन्याला दहा हजार भाडं म्हणजे पैसे पाण्यात की नाही?"

खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी हे विचारलं. शेजारी त्यांच्या पत्नी पर्सचा बंद बोटाला गुंडाळत खिडकीबाहेर बघत होत्या. मी समुपदेशन करते. माझ्या वहीत या जोडप्याचं नाव मी 'सोलापूरकर' असं लिहून ठेवलंय, इथेही तेच ठेवते. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत.

दोघं पस्तिशीतले, मुलगा तिसरीत. सोलापूरकरांची, म्हणजे पतीची, नोकरी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत. दिवाळीनंतर सोलापूर सोडून रत्नागिरीला आलेले, नाचणे रोडला एका बंगल्याचा वरचा मजला भाड्याने घेऊन राहत होते. माझ्याकडे आले ते फेब्रुवारीत. रत्नागिरी सगळ्यात गोड दिसते ती याच दिवसांत. ऊन सोसवतं, भाट्याच्या पुलावरून समुद्र निळा दिसतो, आंब्याला मोहोर असतो. फेब्रुवारीत इथे घर बघणाऱ्याला कुठलंही घर आवडतं, हे मी अनुभवाने सांगते.

कुवारबावकडे बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीत सोलापूरकरांनी टू बीएचके बघितला होता. किंमत ४२ लाख. बघून गप्प बसले असते तर गोष्ट वेगळी. ५१ हजार रुपये टोकन देऊनही मोकळे झाले होते. पत्नीला, म्हणजे ताईंना, ते चौथ्या दिवशी कळलं, बँकेच्या मेसेजवरून.

नव्या गावात आलो, आता भाड्याने राहावं की विकत घ्यावं, हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. त्यामुळे माझं उत्तर जवळपास तयार असतं. इथे नेमकी त्याचीच चूक झाली. मी कागद ओढला आणि आकडे मांडायला बसले.

३५ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं. हप्ता येतो ३०,३७४ रुपये. पहिल्या हप्त्यातले २४,७९२ रुपये नुसतं व्याज, मुद्दल फिटतं ५,५८२. तीन वर्षांत बँकेला जातात १० लाख ९३ हजार आणि त्यातले मुद्दलाला लागतात जेमतेम २ लाख २८ हजार. "घराचं भाडं पाण्यात जातं म्हणता," मी म्हटलं, "मग हे व्याज म्हणजे पैशाचं भाडंच झालं की." शिवाय मुद्रांक शुल्काचे दोन-अडीच लाख, नोंदणीचे तीस हजार, बांधकाम चालू असल्यामुळे एक टक्का जीएसटी. घर ४५ लाखांच्या आतलं आणि बेताचं म्हणून एकच टक्का, नाहीतर पाच. एकट्या ताईंच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत, तेवढाच दिलासा. तीन वर्षांत नोकरी बदलली तर हे सगळं भरून निघेल इतकी किंमत वाढलेली हवी आणि त्या किमतीला गिऱ्हाईकही भेटायला हवं. दहा-पंधरा वर्षं इथेच काढणार असाल तर गणित उलटतं, भाडं वाढत जातं आणि हप्ता बराचसा तिथेच राहतो.

दोघांनी माना डोलावल्या. मला वाटलं, झालं काम.

पुढच्या आठवड्यात ताई एकट्याच आल्या. "तुमचा कागद यांनी फ्रिजवर अण्णांच्या फोटोखाली दाबून ठेवलाय," म्हणाल्या. "त्या दिवसापासून घरात कोण कुणाशी बोलंना झालंय."

अण्णा म्हणजे सासरे. फोटो फ्रिजवर का, असं मी सहज विचारलं. तर घरमालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे आल्या दिवसापासून अण्णा फ्रिजवर उभे होते. फ्रिजची मोटर सुरू झाली की चौकट भिंतीवर थरथरायची, बारीक टकटक आवाज यायचा. रात्री तो आवाज आला की हे उठून फोटो थोडा पुढे सरकवायचे.

मग मी ताईंना त्यांच्याबद्दल विचारलं. "रत्नागिरीला यायचं तुमचं दोघांचं कधी ठरलं?"

"ठरलं कुठं? ऑफर लेटर आलं. यांनी पेढे आणले. मी पेढा खाल्ला."

सोलापूरला त्यांच्या शिकवणीला बावीस मुलं यायची. ती एका जवळच्या बाईंकडे सोपवून आल्या होत्या. त्याबद्दल त्या कुणालाच काही बोलल्या नव्हत्या. फ्लॅटबद्दल मात्र बोलत होत्या: शाळा लांब पडते, पार्किंग अरुंद आहे, उन्हाळ्यात पाण्याचं काय. मुद्दे सगळे रास्त होते आणि सोलापूरकर त्यातला एकेक खोडून काढायचे. त्यामुळे ताई रोज नवा मुद्दा शोधायच्या. निघताना दारात थांबून म्हणाल्या, "मॅडम, इथं आमची कडक भाकरी कडक राहत नाही हो. डब्यात दोन दिवसांत मऊ पडते." आणि डोळ्याला पदर लावला.

सोलापूरकरांशी मी वेगळी बोलले. त्यांना आधी ते पटलं नव्हतं, वेळ वाया जातोय असं वाटत होतं. अण्णा गिरणीत होते. जन्म दोन खोल्यांत गेला, त्याही भाड्याच्या. रात्री नऊला घरमालकीण नळाला कुलूप लावायची, म्हणून आई साडेआठपासून हंडे भरत बसायची. अण्णा गेले तेव्हा तेराव्याच्या जेवणाला आलेल्या मालकाने हात धुता धुता विचारलं, खोली कधी मोकळी करताय. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. फक्त समोरच्या पाण्याच्या ग्लासावरचं झाकण ते काढत होते, पुन्हा ठेवत होते.

अशा माणसापुढे मी व्याजाचा तक्ता ठेवला होता.

"आणि स्वतःचं घर असल्याशिवाय गावात आपल्याला कोण आपलं म्हणतं?" ते म्हणाले. मला राहवलं नाही. म्हटलं, अहो, ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. त्याचा राजवाडा उभा राहिला १९१० मध्ये. चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या बंगल्यांत काढली, मग टेकडीवर खाडी दिसेल असा वाडा मिळाला आणि सहा वर्षांत तो गेला. त्या वाड्यात रत्नागिरी त्याची झाली असेल असं मला वाटत नाही. ते पहिल्यांदाच हसले. समुपदेशनात असले दाखले द्यावेत की नाही यावर माझ्या वरिष्ठ मैत्रिणीचं मत वेगळं आहे, पण रत्नागिरीत राहून थिबा राजा टाळायचा म्हणजे अवघडच.

तिसऱ्या बैठकीला दोघं एकत्र आले. त्या दिवशी फ्लॅटचा विषय काढायचा नाही असं मी आधीच सांगितलं. ताईंनी पेढ्याची गोष्ट त्यांच्यासमोर सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला वाटलं तू खूश आहेस." नळाच्या कुलपाची गोष्ट ताईंना ठाऊक होती, तेराव्याची नव्हती. लग्नाला अकरा वर्षं झालेली.

त्यानंतर ठरलं ते एवढंच: एक पावसाळा इथे काढायचा, तोवर विकतच्या घराचं नाव नाही. टोकन परत मागायचं. ते मिळालं, दोन महिने फेऱ्या मारून आणि चार वेळा 'शेठ बाहेर गेलेत' ऐकून. त्यांनी पावती घेतली होती हे नशीब.

पण पावसाळा काढायचा तर राहत्या घरात धाकधूक नको. विचारलं तर कळलं, भाड्याचा करारच झालेला नाही, सगळं तोंडी बोलीवर. म्हणजे उद्या निघा म्हणाले तर काय, ही त्यांची भीती अगदीच पोकळ नव्हती. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकावर आहे. लोक सवयीने अकरा महिन्यांचा करतात. पण लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहायच्या परवानगीचा करार, साठ महिन्यांपर्यंत करता येतो. त्यांनी तीन वर्षांचा केला, दरवर्षी पाच टक्के वाढ, निघायचं तर दोन्हीकडून दोन महिन्यांची नोटीस. नळाला कुलूप लावायची सोय कुणालाच राहिली नाही, असं ते मला नंतर म्हणाले.

मध्येच एका एजंटाने गणपतीपुळ्याच्या वाटेवरचा प्लॉट दाखवून त्यांना पुन्हा भुरळ घातली. समुद्र दिसतो, फ्लॅटच्या निम्म्या पैशांत. मी एवढंच म्हटलं, सातबारा घेऊन या. त्यावर पंधरा-सोळा नावं. त्यातल्या दोघांनाच विकायचं होतं, बाकीचे हिस्सेदार कोणी लालबागला, कोणी नालासोपाऱ्याला, दोघं तर वारलेले आणि वारसनोंद नाही. जमीन शेतीची, आणि आपल्याकडे शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. समुद्र दिसतो म्हणजे सीआरझेडही, किनाऱ्यालगतच्या बांधकामावरची बंधनं, बघावं लागणार. कोकणात जागा घ्यायला येणारी माणसं समुद्र आधी बघतात आणि सातबारा नंतर, यावर मी एक वेगळा लेख लिहू शकेन. सोलापूरकर शहाणे, कागद घडी घालून परत देऊन आले.

जूनमध्ये पाऊस लागला. वर्षभरात सोलापुरात जेवढा पडतो त्याच्या चार-पाचपट रत्नागिरीत पडतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. जुलैत ताईंचा फोन आला. बुटांना बुरशी, कपाटात बुरशी, कपडे पंख्याखाली तीन दिवस. वरच्या मजल्याची समुद्राकडची भिंत झड लागून ओली झाली होती. यांनी मालकांना फोन केला, तर ते दुसऱ्या दिवशी माणूस आणि प्लास्टिकचा कागद घेऊन हजर. "हे म्हणाले, बघ, एक फोन केला आणि भिंत त्यांची झाली," ताई सांगत होत्या, आणि हसत होत्या.

त्याच रविवारी दोघं छत्र्या घेऊन कुवारबावची ती इमारत बघायला गेले. सुचवलं मीच होतं. घर बघायचं तर जुलैत बघावं. लिफ्टच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी, आणि ज्या फ्लॅटचं टोकन दिलं होतं त्याच्या बेडरूमची पश्चिमेची भिंत छतापासून खिडकीपर्यंत काळी. नवा गिलावा होता तो.

त्या दिवशी घरी परतले तर पाऊस बघायला घरमालकही जिन्यात उभे होते. सोलापूरकरांनी धीर करून विचारलंच, वडिलांचा फोटो लावायचा होता. मालक म्हणाले, "मग आधी बोलायचं ना! चिऱ्याची भिंत ती, जांभा. खिळा ठोकला की गिलाव्याचा पोपडा येतो आणि खिळा काही धरत नाही, म्हणून नको म्हणतो सगळ्यांना. थांबा, ड्रिल आणतो." संध्याकाळी ड्रिल, प्लग आणि दोन स्क्रू घेऊन वर आले. आधीच्या भाडेकरूने केलेली तीन भोकं त्यांनी दाखवली, प्रत्येक मुठीएवढं.

ताईंची शिकवणी गणपतीनंतर सुरू झाली, हॉलमध्येच, पाच मुलांपासून. मालकांची नात त्यातली एक. कराराच्या कागदावर 'फक्त राहण्यासाठी' असं छापील वाक्य होतं, त्यामुळे मालकांची लेखी परवानगी घ्या असं मी बजावलं. त्यांनी वहीच्या पानावर लिहून दिली.

भेटी तिथेच थांबल्या. यंदा मे महिन्यात ताईंचा मेसेज आला. शिकवणीला चौदा मुलं झालीत. कडक भाकरीचं पीठ आणि तवा आता इथेच, लागेल तेवढ्याच करतात. आणि खाली एक प्रश्न: "साळवी स्टॉपजवळ एक तयार फ्लॅट मी बघून आले, यांना अजून सांगितलं नाही. तिथं मे महिन्यात पाणी कसं असतं?"

मी उत्तर पाठवलं की आजच जा आणि सकाळी टँकर येतो का ते तिथल्या बायकांना विचारा. आणि यांना सांगा.