50 फ्री स्पिन घेऊन पाहायला काय हरकत आहे?

तुम्ही विचारलं की टेलिग्रामवर एका ऑनलाइन कॅसिनोची लिंक आली, डिपॉझिट न करता 50 फ्री स्पिन देऊन राहिले, आपल्या खिशातून काहीच जात नाही तर घेऊन पाहायला काय हरकत. भाऊ, मी 2024 च्या उन्हाळ्यात नेमका हाच विचार करून घेतले होते, म्हणून थोडं मोठं लिहितो, पूर्ण वाचा.

50 स्पिन, म्हणजे स्लॉट मशीनसारख्या गेमचे 50 डाव मारून मी 620 रुपये जिंकलो. वर हिरव्या अक्षरात 620 दिसत होते आणि त्याच्या बाजूला एक छोटंसं कुलूप, त्याच्यावर बोट ठेवलं की खाली बारीक अक्षरात वेजरिंग 40x. म्हणजे 620 च्या चाळीसपट, 24,800 रुपयांच्या बेट लावल्याशिवाय त्यातला एक रुपया काढता येत नाही. दहा रुपयाचा स्पिन धरला तर 2,480 स्पिन, आणि मुदत सात दिवस. आता हा हिशोब कागदावर करून पाहा. ज्या स्लॉटचा आरटीपी, म्हणजे लावलेल्या पैशातून सरासरी खेळणाऱ्याला परत येणारा हिस्सा, 96 टक्के आहे (आणि हे बऱ्यापैकी चांगलं समजतात) तिथे प्रत्येक शंभर रुपयाच्या बेटमागे सरासरी चार रुपये कॅसिनोकडे जातात, म्हणजे 24,800 वर 992 रुपये, आणि तुमच्याजवळ आहेत फक्त 620. अट पूर्ण व्हायच्या आधीच पैसे संपावेत असंच ते गणित बसवलेलं असतं, एखादा नशिबाने पार गेला तर मग जास्तीत जास्त किती काढता येईल त्याची लिमिट, मधे चुकून ठरवल्यापेक्षा मोठी बेट लागली तर बोनस रद्द, रुलेटसारखा गेम खेळला तर त्याची बेट दहाच टक्के मोजणार नाहीतर मोजणारच नाही.

माझे 620 तिसऱ्या रात्री संपले. खरा खर्च तिथून सुरू झाला, कारण तोपर्यंत रात्री एक-एक वाजेपर्यंत मोबाईल पाहायची सवय लागली होती, आणि स्क्रीनवर आलं की 500 टाका, आणखी 100 स्पिन. तीन आठवड्यांत मी 11,500 टाकले. दर वेळी यूपीआयचा क्यूआर वेगळा, कधी कुण्या ट्रेडर्सचं नाव, कधी सरळ एखाद्या माणसाचं, आणि मला तेव्हा काही खटकलं नाही याचं आजही वाईट वाटते. एकदा 4,000 निघाले, तेही कोणत्या कंपनीकडून नाही, कुण्या अनोळखी माणसाच्या सेव्हिंग खात्यातून आले.

महिन्याभराने सकाळी बुटीबोरीला ड्युटीवर जाताना ठेल्यावर तर्री पोहे खाल्ले, स्कॅन केलं, फेल. पुन्हा केलं, पुन्हा फेल. पैसे सोबतच्याने दिले. सीताबर्डीच्या ब्रँचमध्ये गेलो तर काउंटरवरच्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली, खातं फ्रीज, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांकडून आलेलं. ज्या खात्यातून मला 4,000 आले ते भाड्याने घेतलेलं खातं होतं, त्यात कुण्या फसवल्या गेलेल्या माणसाचे पैसे फिरत होते, आणि ती साखळी माझ्यापर्यंत आली. पगार त्याच खात्यात जमा व्हायचा, दिसायचा पण निघायचा नाही. सात आठवडे. गाडीची ईएमआय बाउन्स झाली, घरी आईला सांगावं लागलं, तिने कपाटातले पैसे काढून दिले, मला काहीच बोलली नाही, आणि त्याचंच मला सगळ्यात जास्त लागलं.

त्यानंतर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा पास केला, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम चालवणं आणि त्याची जाहिरात करणं दोन्ही गुन्हा, चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 1 कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, पण म्हणून तुम्ही सेफ आहात असं समजू नका, कारण आता लिंक पाठवून राहिलेले लोक बाहेर देशात बसलेले असतात, तुमचे पैसे अडकले तर भांडायला जाणार कोणाकडे? आणि आधार, पॅन, सेल्फी हे सगळं केवायसीच्या नावाने त्यांच्याकडे गेलेलं असते. मला आजही नवनवीन नंबरवरून फोन येतात.

तुम्ही अजून रजिस्टर केलं नसेल तर लिंक डिलीट करा. केलं असेल पण पैसे टाकले नसतील तर केवायसी देऊ नका, यूपीआय ॲपमध्ये जाऊन एखादा ऑटोपे मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, चालू आहे का ते पाहा आणि बंद करा. टाकले असतील तर आजच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, यूटीआर नंबर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा ओळख क्रमांक, हाताशी ठेवा, आणि तिथून पैसे आपल्या पगाराच्या खात्यात काढायचा प्रयत्न तर बिलकुल करू नका. रात्री हात आवरत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि घरी कोणाला तरी सांगा, मी फार उशिरा सांगितलं.