वाचकांचे प्रश्न : टचडाउन करणाराच हिरो का?

प्रश्न : नमस्कार, मी हल्लीच अमेरिकन फुटबॉल बघायला लागलोय. टीम जिंकली की कौतुक क्वार्टरबॅकचं, म्हणजे बॉल फेकून हल्ला चालवणाऱ्याचं, नाहीतर टचडाउन करणाऱ्याचं, म्हणजे बॉल समोरच्यांच्या गोल लाइनपलीकडे नेणाऱ्याचं. बाकीच्यांचं कोणी नावही घेत नाही. या खेळात हिरो नक्की म्हणायचं कोणाला?

उत्तर : क्वार्टरबॅकला मान मिळतो तो उगाच नाही हो, टीम हल्ल्यावर असली की जवळजवळ प्रत्येक वेळी बॉल त्याच्याच हातात येतो आणि दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवायचं असतं की फेकायचा कोणाकडे. पण मला विचाराल तर हिरो तो, जो स्वतःचं काम करता करता दुसऱ्या कोणाला आपली गरज लागलीय हे ओळखतो आणि तिकडे धावतो.

माझ्या डोळ्यांसमोर आधी माइक जोन्स येतो. 30 जानेवारी 2000, अटलांटामधला सुपर बोल, म्हणजे सीझनची फायनल. सेंट लुईस रॅम्स 23, टेनेसी टायटन्स 16, उरलेत फक्त 6 सेकंद आणि बरोबरीच्या आशेने टायटन्स गोल लाइनपासून 10 यार्डांवर. रॅम्सचा लाइनबॅकर, म्हणजे बचावातला खेळाडू, जोन्स टायटन्सच्या फ्रँक वायचेकबरोबर पळत होता, तेच त्याचं काम होतं, पण पळता पळता त्याने मान वळवून बघितलं तर टायटन्सचाच केविन डायसन आतल्या बाजूला वळलेला आणि बॉल त्याच्याकडे निघालेला, मग काय, वायचेकला सोडून जोन्स तिथल्या तिथे फिरला आणि डायसनचे पाय धरले ते सोडलेच नाहीत. डायसनने पडता पडता हात ताणून बॉल पुढे नेला. एक यार्ड कमी पडला. मॅच संपली. एमव्हीपी, म्हणजे मॅचचा सर्वोत्तम खेळाडू, ठरला रॅम्सचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर, त्याच्या पासेसवर टीमने 414 यार्ड मिळवले होते, हक्काचंच बक्षीस ते. पण त्या शेवटच्या 6 सेकंदांत त्यालाही साइडलाइनवरून नुसतं बघतच राहावं लागलं ना.

दुसरा हिरो तर खेळाडूच नाही. 2 जानेवारी 2023 ला सिनसिनाटीत बफेलो बिल्सचा डमार हॅम्लिन समोरच्या खेळाडूला टॅकल करून, म्हणजे अडवून पाडून, उठला आणि लगेच मागे कोसळला, हृदयच बंद पडलं त्याचं. टीमचा असिस्टंट अॅथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन धावत गेला आणि त्याने सीपीआर, म्हणजे छाती दाबून हृदय चालू ठेवायचा उपचार, सुरू केला. एवढी धिप्पाड माणसं भोवती कडं करून रडत होती. मॅच तिथेच थांबवली, पुढे ती खेळलीच नाही. हॅम्लिन वाचला आणि पुढच्या सीझनला परत मैदानात उतरला. ट्रेनर मंडळी रोज काय करतात, तर घोट्यांना टेप बांधतात, दुखापती बघतात, आणि त्या रात्री त्यांच्यातल्याच एकाच्या हातात एक जीव होता. मला आजही ते आठवलं की भरून येतं.

आणि बाकीच्यांचं म्हणाल तर क्वार्टरबॅकच्या पुढे उभे असतात ते पाच जण बघा, ऑफेन्सिव्ह लाइन. त्यांच्या नावावर यार्ड नाहीत, टचडाउनही सहसा नाहीत, नाव घेतलं जातं ते बहुतेक होल्डिंगची, म्हणजे समोरच्याला धरून ठेवल्याची, पेनल्टी लागून टीम 10 यार्ड मागे गेली की. पुढच्या मॅचला असं करा, एखाद्या प्लेला, म्हणजे एका चालीला, बॉल बघूच नका, या पाचांतला सगळ्यात डावीकडचा खेळाडू बघा, त्याच्या जागेलाही टॅकलच म्हणतात. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक वळला की त्याची पाठ त्या बाजूला येते, मागून कोण येतंय ते त्याला दिसत नाही, ते फक्त हा टॅकल बघत असतो.